पुलाच्या निवेदनाआधी एक वही

पावसाळा आला की आपल्या भागात एक ठरलेले छायाचित्र फिरते. नळकांडी पुलावरून पाणी वाहते आहे, अलीकडे दप्तर घेतलेली मुले उभी आहेत आणि शाळा पलीकडे आहे. दोन दिवस ते प्रत्येकाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर असते. तरुण मंडळी तहसीलला निवेदन देतात, त्याचाही फोटो निघतो. मग पाणी उतरते आणि विषयही मागे पडतो.

कयाधू नदी सेनगाव, हिंगोली आणि कळमनुरी तालुक्यांतून वाहत पैनगंगेला मिळते. तिच्या आणि तिला येऊन मिळणाऱ्या ओढ्यांच्या काठावर किती वस्त्या आहेत, हे तुम्हाला सांगायला नको. सप्टेंबर २०२४ च्या सुरुवातीचा पूर अजून सगळ्यांच्या लक्षात आहे. अशा वस्तीला निदान पायी जाण्यापुरता पूल हवा, यावर कुणाचा वाद नाही. माझे म्हणणे मागणीच्या पद्धतीबद्दल आहे. निवेदन देण्याआधी आपण एक वही भरली पाहिजे.

फोटो पाहून पूल येतो, पण तो कसा येतो ते पाहा. नाशिक जिल्ह्यातील त्र्यंबकेश्वर तालुक्यात शेंद्रीपाड्याच्या आदिवासी महिला तास नदीवर टाकलेल्या लाकडी बल्ल्यांवरून तोल सांभाळत पाणी आणत. त्यांची छायाचित्रे सर्वत्र गेली आणि जानेवारी २०२२ मध्ये तिथे लोखंडी पूल बसला. त्याच वर्षी जुलैच्या पुरात तो वाहून गेला. पावसाळ्यात पाणी कुठवर चढते, या प्रश्नाचे नीट उत्तर मिळाल्याशिवाय पुलाची उंची ठरवता येत नाही. हे उत्तर नदीकाठच्या माणसाकडे असते, पण कागदावर नसते.

दुसरे उदाहरण पुणे जिल्ह्यातील कुंडमळ्याचे. १५ जून २०२५ रोजी इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल कोसळला आणि चार जणांचा जीव गेला. धोक्याचा फलक लावलेला होता. नव्या पुलासाठी सुमारे आठ कोटी रुपये मंजूरही होते. तरीही रविवारी पर्यटकांची गर्दी पुलावर गेली, सोबत दुचाकीही गेल्या. म्हणजे पैसा मंजूर झाला की काम झाले असे नाही, आणि पुलावर प्रत्यक्षात कोण आणि किती चढणार हे आधीच धरावे लागते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकांत पादचाऱ्यांचा भार चौरस मीटरला ४०० किलो धरतात, गर्दीच्या ठिकाणी ५०० किलो. तुमच्या गावात उरूस किंवा जत्रा भरत असेल, तर ही गोष्ट अभियंत्याला आधी कळली पाहिजे.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे कोडची पहिली ओळ लिहिण्याआधी वापरणारा कोण, त्याची अडचण काय, हे लिहून घेतात. पुलाचेही तसेच आहे. वहीत फार काही लागत नाही. फरशी किती दिवस आणि किती तास पाण्याखाली होती. पाणी कुठवर आले, त्याची खूण शाळेच्या किंवा मंदिर-मशिदीच्या भिंतीवर रंगाने करून तारीख घालायची. रोज किती जण ये-जा करतात : शाळेची मुले, खुरपणीला जाणाऱ्या बाया, दूधवाले, आशाताई. पूल नसताना वळसा किती किलोमीटरचा पडतो. गरोदर बाईला दवाखान्यात न्यायला किती वेळ लागला. कब्रस्तान पलीकडच्या काठाला असेल, तर जनाजा किती वेळ थांबला. स्मशानभूमी तिकडे असेल, तर अंत्ययात्रेचीही तीच नोंद.

ही वही एका मोहल्ल्याची नको. नदी अडवताना कुणाचे नाव विचारत नाही. दोन्ही काठांवरच्या लोकांच्या नोंदी आणि सह्या त्यात असल्या की ‘अमुक लोकांचा पूल’ म्हणून फाईल बाजूला ठेवणे अवघड जाते.

काही जण म्हणतील, हे सरकारचे काम आहे, आपण का करायचे? सर्वेक्षण आणि संकल्पचित्र सरकारनेच करायचे आहे, खर्चही त्यांचाच. पण लहान ओढ्यावर पाणी मोजायला कुणी बसलेले नसते. ती माहिती आपण दिली नाही, तर अंदाजावर काम होते.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. पादचारी पूल झाला की ‘तुमची सोय झाली’ म्हणून मोठा पूल कायमचा लांबेल आणि रुग्णवाहिका अलीकडेच थांबेल. ही भीती खरी आहे. म्हणून ठरावातच लिहावे की पादचारी पूल ही तातडीची मागणी आहे, मोठ्या पुलाची मागणी कायम आहे. स्ट्रेचर आणि दुचाकी जाईल एवढी रुंदी आणि तेवढी ताकद आताच मागावी, कारण दुचाकी चढणारच आहे. कमी खर्चाचा पूल म्हणजे कच्चा पूल नव्हे. कर्नाटकातील सुळ्याचे अभियंता गिरीश भारद्वाज यांनी १९८९ पासून दुर्गम गावांसाठी शंभरहून अधिक झुलते पादचारी पूल बांधले. त्यांना २०१७ मध्ये पद्मश्री मिळाली.

कोकणात अशा छोट्या पुलाला साकव म्हणतात आणि त्यासाठी सरकारचा वेगळा कार्यक्रम आहे. आपल्याकडे वाट नेहमीची आहे : ग्रामसभेचा ठराव, ग्रामीण रस्ता असेल तर जिल्हा परिषदेचा बांधकाम विभाग, आणि निधीसाठी जिल्हा नियोजन समिती. ठरावाची प्रत आणि आवक क्रमांक जपून ठेवा. पुढे काय झाले ते माहिती अधिकारात विचारा, ३० दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे.

पुणे, हैदराबादला नोकरी करणारे आपले कितीतरी इंजिनिअर मित्र आहेत. त्यांनी नोंदींचा तक्ता करून द्यावा, नकाशावर वळसा मोजून द्यावा. गावात राहणाऱ्यांनी रोज पाच मिनिटे लिहावे. जूनमध्ये सुरू केलेली वही सप्टेंबरअखेर भरते आणि २ ऑक्टोबरला ग्रामसभा असते. त्या दिवशी वही टेबलावर ठेवा आणि ठराव लिहून घेतल्याशिवाय उठू नका.