ओळख पटत नाही

आमची जात ओळखायला गावानं कधी कागद मागितला नाही. लांबूनच ओळखली. पण आमचं पोर पोरकं झालं म्हटलं, की सरकारला ओळख पटत नाही!

महाराष्ट्रात बालसंगोपन योजना आहे. २०२३ साली सरकारनं पोरामागं महिना ११०० चे २२५० रुपये केले. सावित्रीबाईंचं नाव दिलं. बरं केलं. पण ते पैसे हातात पडायला आधार पायजे, रेशनकार्ड पायजे, तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला पायजे, आईबापाच्या मृत्यूचा दाखला पायजे.

मी सूतगिरणीत पाळ्या भरतो. आमच्या गल्लीत एक आजी नातवाला सांभाळते. आई आधीच गेली. बाप ऊसतोडीला गेला न् कर्नाटकात फडातच मेला. मरणाची नोंद जिथं मरण तिथंच. भाकरीला महाग म्हातारी दाखल्यासाठी परराज्यात जाणार कशी? वर पोराला आधार नाही म्हणून एका कचेरीनं अर्जच घेतला नाही.

आधार नाही म्हणून कुठल्याच मुलाचा लाभ अडवू नका, दुसऱ्या कागदावर ओळख पटवा, असं सुप्रीम कोर्टानं २६ सप्टेंबर २०१८ ला सांगितलंय. निकाल टेबलापर्यंत पोचला नाही, की पोचू दिला नाही?

दोस्तहो, कागदच नको असं मी म्हणत नाही. खोट्या नावानं पोरांचा घास गिळणारे आहेतच. पण दोन्हीकडची दफ्तरं सरकारची, टपालही सरकारचं. मग म्हातारीला का पळवता? अर्ज घ्या. पोच द्या. दाखला तुम्ही मागवा. चौकशीला घरी या. पोर दारातच उभं आहे.