दहा मायक्रॉन

परवा शनिवारी चिंचवडला घरी गेलो तर बाबा एकदम खुशीत. मनगटावर मी दिवाळीला दिलेलं स्मार्टवॉच. "हे बघ, १२४/८०. गोळी आठवड्यापासून बंद केलीये."

बाबा भोसरीला एका कंपनीत तीस वर्षं गेज रूममध्ये होते. कॅलिब्रेशनची तारीख उलटलेला मायक्रोमीटर त्यांनी कधी कुणाला वापरू दिला नाही, त्यावरून सुपरवायझरशी झालेली भांडणं मी जेवताना ऐकलीयेत. कपाटातलं जुनं पट्ट्याचं मशीन काढून मोजलं, तर १६२/९६. पाच मिनिटांनी परत मोजलं, फारसा फरक नाही. घड्याळाच्या माहितीपत्रकात बारीक अक्षरात लिहिलंय की पट्ट्याच्या मशीनशी ते अधूनमधून जुळवून घ्यायचं. ते मी दिवाळीत एकदा केलं आणि विसरलो. म्हणजे चूक माझीपण.

रविवार मग वाचण्यात गेला. घड्याळ बीपी मोजतच नाही हो! ते त्वचेत हिरवा उजेड सोडतं. रक्त हिरवा उजेड शोषतं, म्हणून प्रत्येक ठोक्याला परत येणारा उजेड कमी-जास्त होतो. त्या लाटेच्या आकारावरून दाबाचा अंदाज बांधतात. गंमत म्हणजे त्वचेतलं मेलॅनिनही तोच उजेड शोषतं. ऑक्सिमीटरचं प्रकरण आठवत असेल. २०२० साली अमेरिकेत दिसलं, की ऑक्सिमीटर ठीक दाखवतोय पण रक्तात ऑक्सिजन खरं तर कमी आहे, असं कृष्णवर्णीय रुग्णांत गोऱ्यांच्या जवळपास तिप्पट वेळा घडत होतं.

पण याच उजेडाचा खरा चांगला उपयोग वेगळाच आहे. नखाच्या मुळाशी तेलाचा थेंब टाकून सूक्ष्मदर्शकाने बघितलं, की केशवाहिन्या दिसतात. बाकी त्वचेत त्या उभ्या असतात, नुसते ठिपके दिसतात. इथे आडव्या झोपलेल्या, म्हणून हेअरपिनसारखा अख्खा फास दिसतो. ना सुई, ना रक्त. एकेक वाहिनी साधारण ५ ते १० मायक्रॉन. बाबांच्या मायक्रोमीटरचा लीस्ट काउंटच १० मायक्रॉन! लाल पेशी त्यातून एकामागे एक, अंग चोरून जातात.

वय वाढलं की हे फास वेडेवाकडे होतात, विरळ होतात. बीपीतही विरळ होतात. लंडनच्या एका गटाने १९९९ साली मनगटाऐवजी बोटं बघून ते दाखवलं. पट्ट्याने हलकं रक्त अडवून सगळ्या वाहिन्या भरून घेतल्या, तरी बीपीवाल्यांत त्या कमीच भरल्या. म्हणजे काही वाहिन्या नुसत्या मिटलेल्या नव्हत्या, नव्हत्याच. त्याआधी १९९७ साली एडिंबरामध्ये तर तरुण मुलांतच हे दिसलं होतं: ज्यांचा दाब जरा वरचा आणि आईवडिलांचाही वरचा, अशांत. म्हणजे दाबामुळे वाहिन्या जातात, की वाहिन्या कमी म्हणून दाब वाढतो? कोंबडी आधी की अंडं, तसंच हे.

माझं म्हणणं एवढंच, की वयानेही घटते आणि बीपीनेही घटते अशी गोष्ट मोजायची, तर आपल्या वयाला आणि आपल्या सावळ्या कातडीला किती हे आधी माहीत हवं. टॉलरन्स न लिहिलेलं ड्रॉइंग चाकणला कुठला व्हेंडर घेईल? आणि असा अभ्यास करायला जागाही लांब नाही. चाकणहून शिक्रापूर रस्त्याने पुढे वढू बुद्रुकला केईएमचं संशोधन केंद्र २००२ पासून आसपासच्या गावांची घरोघर नोंद ठेवतंय. पन्नाशीपुढच्या लोकांचा अभ्यासही तिथे झालाय. तिथल्या शेतकऱ्यांच्या आणि चाकणला नाइट शिफ्ट करणाऱ्या त्यांच्याच मुलांच्या बोटांचे फोटो दर दोन वर्षांनी काढले, तर घड्याळवाल्यांच्या जाहिरातींपेक्षा कितीतरी जास्त कळेल. तोवर हाच पट्टा. पाठ टेकून, पाच मिनिटं गप्प बसून. कंपनीच्या वार्षिक मेडिकलला रांगेत धापा टाकत मोजतात तसा नाही.

असो. काल परत गेलो होतो. डॉक्टरांनी गोळी सुरू करायला लावलीये. बाबा दुकानदाराशी फोनवर हुज्जत घालत होते, मशीनवर कॅलिब्रेशनचं स्टिकर का नाही म्हणून. फोन ठेवल्यावर मला म्हणाले, "बस इथे, तुझंपण बघू."

१३८/८८. वय चौतीस.