वाचलेल्या बाळाला नशिबावर सोडणार का?

वर्षावासातल्या एका रविवारी विहारात वंदना आटोपली आणि आम्ही लेकीला चटईवर पोटावर झोपवून तिचा व्यायाम घ्यायला लागलो. ती रडत होती. शेजारच्या मावशींनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि मायेनं म्हणाल्या, "कशाला दमवता लेकराला? नशिबात असंल तर बसंल, चालंल." मावशींच्या मागे भिंतीवर बावीस प्रतिज्ञा रंगवलेल्या होत्या.

मावशींवर आमचा राग नाही. त्यांनी आमच्या लेकीसाठी दुपटी शिवून दिलीत. आमचा राग आहे तो 'नशीब' या शब्दावर. १९५६ ला आपण धर्म बदलला, देव्हारा काढला, पण हा शब्द घरातून हलायला तयार नाही. आणि त्याहून मोठा राग आहे त्या व्यवस्थेवर, जिला हा शब्द फार सोयीचा पडतो.

आमची लेक ३१ व्या आठवड्यात जन्मली. वजन १३५० ग्रॅम. ३७ आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मलेलं बाळ अपुऱ्या दिवसांचं धरतात, म्हणजे ती चांगलीच आधी आली. सरकारी दवाखान्याच्या नवजात कक्षात ३४ दिवस राहिली. तिथल्या सिस्टर आणि डॉक्टरांनी तिला जगवलं, हे आम्ही कधीच विसरणार नाही. पण घरी सोडताना आमच्या हातात एक कार्ड दिलं गेलं. सगळं इंग्रजीत. त्यावर तीन ओळी होत्या : डोळे, कान, विकास तपासणी. का, कुठे, किती दिवसांत, हे कुणी सांगितलं नाही. "दूध पाजा, ऊब द्या, ताप आला तर आणा," एवढंच.

आम्ही समाजशास्त्रात एम.ए. केलेली, वस्तीत काम करणारी माणसं. आम्ही ते कार्ड वाचलं, फोन केले, विचारत सुटलो. तेव्हा कळलं की अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या डोळ्यांतल्या पडद्याच्या रक्तवाहिन्या पूर्ण वाढलेल्या नसतात. त्या वेड्यावाकड्या वाढल्या तर पडदा सुटून बाळ कायमचं आंधळं होऊ शकतं. वेळेत लेझर केलं तर बहुतेकदा नजर वाचते. म्हणून दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या किंवा ३४ आठवड्यांआधी जन्मलेल्या बाळाची पहिली तपासणी जन्मापासून ३० दिवसांच्या आत व्हायला हवी, आणि फारच लहान असेल तर त्याही आधी. आम्ही कार्ड हातात घेतलं तेव्हा तिसावा दिवस उलटून चार दिवस झाले होते.

दुसऱ्याच दिवशी आम्ही धावलो. लेकीचे डोळे नीट निघाले. पण त्याच कक्षात शेजारच्या पेटीत आणखी एक बाळ होतं. त्याची आई लिहायला-वाचायला शिकलेली नव्हती, बाप कंत्राटी सफाई कामगार. त्यांच्याही हातात तसंच इंग्रजी कार्ड होतं. त्या बाळाच्या डोळ्यांचं काय झालं, आम्हाला ठाऊक नाही. हा लेख त्या बाळासाठी आहे.

बाळ जगवणं हे अर्धं काम. उरलेलं अर्धं काम पुढच्या दोन वर्षांचं असतं. कानांची चाचणी पहिल्या महिन्यात, शंका आली तर तिसऱ्या महिन्यापर्यंत पक्कं निदान आणि सहाव्या महिन्यापर्यंत उपचार सुरू, असा जगभर मानला गेलेला नियम आहे. बाळाचं वय जन्मतारखेवरून नाही, तर जी तारीख दिली होती तिच्यावरून मोजायचं, याला सुधारित वय म्हणतात. आमची लेक जन्मून आठ महिने झाले तेव्हा तिचं सुधारित वय सहा महिने होतं. हे न कळल्यामुळे काही आईबाप उगाच घाबरतात. आणि काही जण "सातव्या महिन्याचं आहे, होईल सावकाश" म्हणत खरा धोकाही अंगावर काढतात.

धोका ओळखायला यंत्र लागत नाही. सुधारित वयाच्या चार महिन्यांनंतरही मान धरत नाही. अंगठा मुठीत आवळलेलाच राहतो. लंगोट बदलताना पाय कात्रीसारखे एकमेकांवर जातात. वर्षाच्या आत बाळ एकाच हाताने सगळं उचलायला लागतं. हे शेवटचं बघून घरात कौतुक होतं, "डावखुरी होणार." पण त्या वयात एकच हात चालणं म्हणजे दुसऱ्या हाताची तपासणी करा, असा इशारा असतो. पहिल्या दोन वर्षांत मेंदू फार वेगानं घडत असतो. त्या काळात बाळाला योग्य तऱ्हेनं हलवलं, खेळवलं, त्याच्याशी बोललं, तर मेंदूला नव्या वाटा पाडायला मदत होते. फिजिओथेरपी, ऑक्युपेशनल थेरपी, स्पीच थेरपी या नावांमागे एवढी साधी गोष्ट आहे.

आता इथे समाजशास्त्र सुरू होतं. आम्हाला भेटलेल्या थेरपिस्ट ताई मनापासून काम करणाऱ्या होत्या. त्यांनी कागदावर घरी करायचे व्यायाम लिहून दिले : दिवसातून पाच-सहा वेळा, शांत जागेत, बाळाचं पोट भरलेलं नसताना, जाड चटईवर, समोर रंगीत खेळणं धरून. वाचायला सोपं आहे. पण हा कागद एक घर गृहीत धरतो. त्या घरात पाय पसरायला जमीन आहे, शांतता आहे, आणि दिवसभर मोकळी असलेली आई आहे. दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसं राहतात, आई सकाळी सहाला चार घरची धुणीभांडी करायला निघते, तिथे तो कागद कुणी करायचा? आम्ही गोधडी चौपदरी केली, लाल बांगड्या दोऱ्यात ओवल्या, स्टीलच्या वाटीवर चमचा वाजवला. खेळण्याचा प्रश्न असा सुटला. वेळेचा सुटला नाही. आठवड्यातून एकदा जिल्ह्याच्या ठिकाणी जायचं म्हणजे दोघांचं एसटीचं भाडं आणि एका दिवसाची मजुरी. ज्यांची चूलच त्या मजुरीवर पेटते, ते तीन खेपांनंतर येणं बंद करतात. मग दवाखान्याच्या वहीत शेरा पडतो, 'पालक उदासीन'. गरिबाला आधी दमवायचं आणि मग त्याला आळशी म्हणायचं, ही या देशातली जुनीच रीत आहे.

कायद्यात काही नाही, असंही नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्याच महाराष्ट्रातल्या पालघरमधून सुरू झाला. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी, जन्मजात दोष, आजार, पोषणाच्या कमतरता आणि विकासातला उशीर शोधणं, आणि त्यासाठी जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्र, ज्याला डीईआयसी म्हणतात, ही त्याची रचना. आशाताईंनी बाळंतपणानंतर ४२ दिवसांपर्यंत ठरलेल्या दिवशी घरी यायचं असतं. २०१६ चा अपंग व्यक्ती हक्क कायदा आहे. मग आमच्या वस्तीतल्या किती आईबापांनी 'डीईआयसी' हा शब्द ऐकलाय? आम्ही विचारून पाहिलं. एकानेही नाही. जो हक्क हक्कदाराला माहीतच नाही, तो कागदावरच राहतो.

आणि इथेच नशीब कामाला येतं. मागच्या जन्माचं पाप, ग्रहणात बाहेर गेली, आईनं काही पाळलं नाही. एकदा असं म्हटलं की कोणी विचारत नाही, गरोदरपणात तिचं रक्त तपासलं होतं का? रक्तदाब मोजला होता का? सातव्या महिन्यातही ती डोक्यावर ओझं का वाहत होती? बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात गतजन्मीच्या कर्माचा सिद्धान्त नेमका याच जागी पकडला आहे. गरीब आणि खालच्या मानलेल्या माणसांच्या दशेची जबाबदारी राज्यावर आणि समाजावर येऊ नये, याखेरीज त्या सिद्धान्ताचा दुसरा हेतू त्यांना दिसला नाही. आमच्या लेकीला चटईवर झोपवताना आम्हाला तो विचार पहिल्यांदा अंगात भिनला. बुद्धानं कारण शोधायला शिकवलं. कारण असेल तर उपायही असतो.

चळवळीतले काही मित्र म्हणतात, "हा तुमचा घरगुती प्रश्न. अत्याचार, आरक्षण, खासगीकरण हे सोडून थेरपी कुठे घेऊन बसलात?" त्यांना आम्ही १९२८ ची आठवण करून देतो. मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभाच्या विधेयकावर बाबासाहेब बोलले. कामगार बाईला बाळंतपणाच्या आधी आणि नंतर विश्रांती मिळणं हे राष्ट्राच्या हिताचं आहे आणि त्याचा भार तिच्या एकटीवर टाकू नये, ही त्यांची भूमिका होती. १९२९ ला मुंबई प्रांतात कायदा झाला. हा घरगुती प्रश्न होता का? रमाई आणि बाबासाहेबांनी स्वतःची चार लेकरं गमावली होती. राजरत्न १९२६ ला गेला. लेकरू वाचणं आणि वाढणं हा राजकारणाचा विषय आहे, हे आपल्याला दुसऱ्या कुणाकडून शिकायची गरज नाही. आणि खासगीकरणाचंच म्हणाल, तर सरकारी केंद्र बंद पडलं की थेरपी ताशी पैसे मोजणाऱ्यांचीच होते. मग आपलं लेकरू शाळेच्या दारापर्यंत पोचण्याआधीच मागे पडतं. 'शिका' ही हाक त्याच्यापर्यंत पोचायची कशी?

आम्हाला दान नको. आमच्या लेकराला दिव्य म्हणून हार घालू नका. थेरपिस्टची जागा भरा.

तरुण मित्रांनो, कामाची यादी छोटी आहे. प्रत्येक विहारात एक वही ठेवा. वस्तीत अपुऱ्या दिवसांचं किंवा अडीच किलोच्या आतलं बाळ जन्मलं की नोंद करा. दवाखान्यातून घरी सोडण्याच्या दिवशी आईबापांसोबत जा आणि चार प्रश्न विचारा : डोळे कधी, कान कधी, विकास तपासणी कधी, आणि हे सगळं मराठीत लिहून देता का? जिल्ह्याच्या केंद्रात किती पदं मंजूर आहेत आणि किती भरली, याचा माहिती अधिकारात अर्ज टाका. जयंतीच्या वर्गणीतून एका डीजेचे पैसे बाजूला काढा आणि त्यातून एसटीचं भाडं द्या. वस्तीतल्या दोन मुलींना व्यायाम शिकवून घ्या. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्याच बायांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं आणि बालमृत्यू खाली आणले. त्यांचा अभ्यास १९९९ ला 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. गावातली बाई हे करू शकते, तर आपल्या विहारातली ताई का नाही?

आमची लेक आज सुधारित वयानं चौदा महिन्यांची आहे. खाटेला धरून उभी राहते. डावी टाच अजून नीट टेकत नाही. ती कधी चालेल, कशी चालेल, याचं वचन कुणी देऊ शकत नाही. थेरपी म्हणजे चमत्कार नव्हे, ती संधी आहे. उद्या ती काठी घेऊन चालली तरी तिची किंमत तसूभरही कमी होणार नाही. पण संधी मिळालीच नाही म्हणून ती मागे राहिली, असं होता कामा नये. तिच्या बाबतीतही नाही आणि त्या शेजारच्या पेटीतल्या बाळाच्या बाबतीतही नाही.

परवा मावशी पुन्हा विहारात भेटल्या. या वेळी त्यांनी स्वतःच चटई अंथरली आणि लाल बांगड्या हातात घेऊन विचारलं, "दाखव गं, कुठून धरायचं?"

जय भीम!