विशेषण जपून वापरावे

गेल्या आठवड्यात अभ्यास करता करता नातीने विचारले, “आजोबा, मराठीत एकट्या ‘उंच’ शब्दावर भागते, मग इंग्रजीला ‘टॉल’ आणि ‘हाय’ असे दोन शब्द कशाला हवेत?” प्रश्न रास्त होता. शब्दकोशात दोहोंपुढे एकच अर्थ आढळतो आणि विद्यार्थी नेमका तेथेच फसतो.

तिला म्हटले, आधी सारंगखेड्याच्या यात्रेतला घोडा आठव, मग तोरणमाळ आठव. घोड्याचा पायापासून डोक्यापर्यंतचा उभा देह आपण पाहतो, म्हणून तो ‘टॉल’. माणूस, झाड, इमारत यांनाही बहुधा हेच विशेषण शोभते. तोरणमाळ मात्र सपाटीपासून किती वर आहे, हे आपण पाहतो. म्हणून डोंगर ‘हाय’. स्वयंपाकघरातील वरची फळी चार बोटे जाडीची असली तरी ‘हाय’च, कारण तेथवर हात पोहोचत नाही.

दुसरी जोडी ‘हिस्टॉरिक’ व ‘हिस्टॉरिकल’. 9 सप्टेंबर 1942 रोजी नंदुरबारात शिरीषकुमार मेहता आणि त्याचे चार साथी पोलिसांच्या गोळीबारात हुतात्मा झाले. तो दिवस ‘हिस्टॉरिक’, कारण त्याने इतिहासात स्वतःची जागा मिळवली. त्या घटनेवर कोणी कादंबरी लिहिली, तर ती ‘हिस्टॉरिकल’, म्हणजे इतिहासाशी संबंधित. त्याच धर्तीवर अर्थव्यवस्थेशी निगडित ते ‘इकॉनॉमिक’ आणि काटकसरीचे ते ‘इकॉनॉमिकल’. देशाचे धोरण पहिल्या प्रकारचे. आपल्या घरातील गृहिणी दुसऱ्या प्रकारची!

एवढ्यावर नात समाधानाने उठली. मला मात्र तिसरी जोडी आठवत राहिली. तिने मला एकदा चांगलाच धडा दिला होता.

मी नव्याने अधिकारी झालो होतो. त्या वर्षी अवकाळी पावसाने पथारीवर वाळत घातलेली मिरची भिजली, काळी पडली आणि एका व्यापाऱ्याचे कर्ज थकले. टिपणी लिहिताना, वसुलीची शाश्वती नाही या अर्थाने, मी त्यांच्या नावापुढे ‘ड्युबियस’ हे विशेषण लिहिले. शब्द भारदस्त वाटला, इतकेच. वरिष्ठांनी बोलावून विचारले, “हे गृहस्थ लबाड आहेत, असे तुम्हांला म्हणावयाचे आहे का?” मी गडबडलो. म्हणालो, “नाही साहेब, पैसे परत येतील की नाही, याची शंका आहे.” ते म्हणाले, “मग शंका कर्जाविषयी आहे, माणसाविषयी नव्हे.” आणि त्यांनी तो शब्द लाल शाईने खोडला.

बँकेच्या परिभाषेत ‘डाउटफुल’ हा थकीत कर्जाचा एक ठरलेला वर्ग आहे. आजच्या नियमानुसार 12 महिने ‘सबस्टँडर्ड’ वर्गात राहिलेले कर्ज त्यात जाते. त्या शब्दात कोणाच्या चारित्र्याची निंदा नसते. उलट एखाद्या माणसाला ‘ड्युबियस’ म्हटले, की त्याच्या सचोटीवरच बोट ठेवले जाते. माझी ती टिपणी पुढे गेली असती, तर माझ्यानंतर येणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्याने त्या सज्जनाकडे संशयानेच पाहिले असते. दोन हंगामांनंतर त्यांनी पै न् पै फेडली. मी त्यांच्याविषयी काय लिहिले होते, हे त्यांना कधीच कळले नाही. मला मात्र ते अजून विसरता आलेले नाही.

म्हणून मुलांना विशेषणे शिकवताना नुसता अर्थ पाठ करवू नये. हा शब्द कोणत्या नामाजवळ बसतो आणि तो वस्तूविषयी बोलतो की माणसाविषयी, हे दोन प्रश्न विचारण्याची सवय त्यांना लावावी. या महिन्याचा गृहपाठ: ‘सेन्सिबल’ आणि ‘सेन्सिटिव्ह’. घरातील कोणाला कोणते विशेषण लागू पडते, ते मुलांनाच ठरवू द्यावे. उत्तरे ऐकताना मोठ्यांनी रागावू नये!