मापाची सायकल आणि शाळेतली दांडी



आज निबंधाचे मुद्दे नाहीत, व्याकरणही नाही. आज सायकलबद्दल बोलायचं आहे. हा विषय फिरून शेवटी हजेरीपटापाशीच येतो, म्हणून पूर्ण वाचा ही विनंती.

गेल्या वर्षी आमच्या केममधला नववीचा एक मुलगा वेगळीच सायकल घेऊन शाळेत आला. मडगार्ड नाही, कॅरिअर नाही, घंटी नाही आणि ब्रेकसुद्धा नाहीत. हँडल उलटं बसवलेलं. "सर, फिक्सी केलीय," म्हणाला. मोबाइलवर व्हिडिओ बघून त्याने मागचं फ्रीव्हील वेल्डिंग करून घट्ट करून घेतलं होतं. "मग थांबवतोस कशी?" "पायानेच दाबून धरायचं, सर." चारच दिवसांनी उतारावर पायडल त्याला आवरलं नाही. गुडघा फुटला, कोपर सोललं. नशिबाने समोरून ट्रॅक्टर येत नव्हता.

आम्ही शिक्षकांनी काय केलं? जे नेहमी करतो तेच. अशी सायकल शाळेत आणायची नाही, असं बजावलं आणि मोकळे झालो. त्या रात्री मला जरा खटकलं. गणितात चाळिशीच्या आत मार्क असणारा हा पोरगा एका सुट्टीत अख्खी सायकल खोलून परत जोडतो आणि आपण त्याला फक्त 'नको' म्हणतो. त्याचं नेमकं काय चुकलं, हे तरी कोणी सांगायचं?

फिक्स गिअर म्हणजे काय?

आपल्या रोजच्या सायकलीत मागच्या चाकाला फ्रीव्हील असतं. पाय थांबवले तरी चाक फिरत राहतं आणि ती ओळखीची कटकट ऐकू येते. फिक्स गिअरमध्ये मागची दातेरी चकती हबला पक्की असते. चाक फिरतंय तोवर पायडल फिरणारच. पायाला विश्रांती नाही.

ही काही मोबाइलच्या जमान्यातली नवलाई नाही. १८८५ साली इंग्लंडमध्ये जॉन केम्प स्टार्ली यांनी 'रोव्हर' सायकल आणली. आजच्या सायकलीची ती आजीच म्हणा. तिचं मागचं चाक चेनने फिरायचं आणि तीही फिक्सच होती. फ्रीव्हील नंतर रुळलं. आजही ट्रॅकवरच्या शर्यती फिक्स गिअरवरच होतात. पुण्यात बालेवाडीच्या क्रीडासंकुलात असा वेलोड्रोम आहे. आपल्या महाराष्ट्राची मयूरी लुटे देशासाठी ट्रॅकवर धावते, ती अशाच सायकलीवर. त्या सायकलींना ब्रेक नसतात हे खरं. पण तिथे सगळे एकाच दिशेने जातात. मध्येच शेळी येत नाही की एसटी थांबत नाही. ट्रॅकचा नियम रस्त्याला लावला, ही आमच्या मुलाची पहिली चूक.

दुसरी चूक हबची. पाय उलटा दाबला की चकती आट्यांवरून सुटायला बघते. म्हणून खऱ्या फिक्स हबवर चकतीच्या बाहेरून उलट्या आट्यांची आणखी एक रिंग असते. साध्या हबवर ती नसते. वेल्डिंग केलेलं फ्रीव्हील कधी दगा देईल याचा नेम नाही.

तिसरी चूक सगळ्यात महत्त्वाची आणि तीच कोणाच्या लक्षात येत नाही. ती भूमितीची. ट्रॅकच्या सायकलीत क्रँकचा मध्य जमिनीपासून जरा उंच ठेवलेला असतो, कारण वळणावर सायकल कलली तरी पायडल फिरतच राहणार असतं. आपल्या रोजच्या सायकलीत तो खाली असतो. ती फिक्स केली आणि वळणावर कलली की आतल्या बाजूचं पायडल जमिनीला घासतं. म्हणजे पोराने गिअर बदलला, पण फ्रेम जुन्याच कामाची राहिली. सायकलीचा एक भाग बदलला की बाकीच्या भागांना विचारावं लागतं, हा धडा कुठल्या पुस्तकात इतका सोपा सापडेल?

आणि हो, पाय दाबून फक्त मागचं चाक आवरतं. वेग कमी होताना भार पुढच्या चाकावर जातो, मागचं हलकं होऊन घसरतं. म्हणून रस्त्यावर फिक्स चालवायची तर पुढचा ब्रेक हवाच. यात तडजोड नाही.

ओळंबा, काठी आणि टेप

मग मी ती सायकल वर्गातच मागवली. बंदी उठवली नाही, फक्त तिला धड्याचा दर्जा दिला!

आधी गुणोत्तर. पुढे ४४ दाते, मागे १८. पायडलचा एक फेरा झाला की चाकाचे सुमारे २.४४ फेरे. चाकाचा परीघ दोरीने मोजला, २.२३ मीटर आला. म्हणजे एका फेऱ्यात साधारण ५.४५ मीटर. घर शाळेपासून ४ किलोमीटर असेल तर पायडलचे ७३४ फेरे. मागे २२ दात्यांची चकती लावली तर? फेरे वाढून ८९७ होतात, पण प्रत्येक फेरा हलका होतो. चढाच्या वाटेने येणाऱ्यांनी लगेच सांगितलं, "सर, आम्हाला बावीसच बरी." जे गाव पिढ्यान् पिढ्या कुंकू बनवतं, त्याला प्रमाण म्हणजे काय ते शिकवावं लागत नाही. फक्त समोर वस्तू ठेवावी लागते.

मग पुढचा चिमटा. तो पुढे वाकलेला का असतो? एक सरळ काठी हँडलच्या नळीला लावून जमिनीपर्यंत नेली आणि तिथे खडूने खूण केली. मग पुढच्या आसापासून ओळंबा सोडला आणि दुसरी खूण केली. काठीची खूण पुढे आली, ओळंब्याची मागे. मधलं अंतर सहा सेंटिमीटरच्या आसपास. हँडल सोडलं तरी सायकल सरळ जायला मदत करणाऱ्या गोष्टींत हे अंतर मोठं. चाक त्या पुढच्या बिंदूच्या मागे ओढलं जातं आणि सरळ व्हायला बघतं. दहावीच्या मुलांनी तेच त्रिकोणमितीने काढलं. चाकाची त्रिज्या ३५.५ सेंमी, नळीचा जमिनीशी कोन ६८ अंश, चिमट्याचा पुढे वाक ७.५ सेंमी. त्रिज्येला कोसाइनने गुणायचं, वाक वजा करायचा, साइनने भागायचं. उत्तर सुमारे ६.३. खडू आणि गणित जुळलं तेव्हा वर्गात जो गलका झाला, तो मी एरवी फक्त सुट्टीच्या घंटेला ऐकतो.

ट्रॅकच्या सायकलीत हाच कोन ७४ अंशांच्या आसपास, म्हणजे जास्त उभा असतो. चाकं जवळ येतात, सायकल चपळ होते. आपल्या सायकलीचा कोन कललेला, म्हणून ती खड्ड्यांतून, पेंडीचं पोतं घेऊनही निवांत जाते. कोणती चांगली? काम कोणतं, त्यावर ठरतं.

आणि मग दांडी

शेवटी सगळ्यांच्या सायकली मोजायच्या ठरल्या. दांडीची जमिनीपासून उंची आणि मुलाच्या पायाचं आतून माप. नियम सोपा. सायकलीवर दांडीच्या दोन्ही बाजूंना पाय टेकवून उभं राहिलं की दांडी आणि अंग यांत दोन-चार बोटं जागा उरली पाहिजे. सीटवर बसून टाच सगळ्यात खालच्या पायडलवर ठेवली की पाय सरळ झाला पाहिजे.

आठवीतल्या एका मुलीचं माप आलं ६६ सेंटिमीटर. तिच्या सायकलीची दांडी ८१ वर. सायकल मोठ्या भावाची. ती रोज वाडीवरून दांडीखालून पाय घालून, हाफ पायडल मारत यायची. आठवड्यातून एक-दोनदा पडायची. पाऊस झाला, वाट घसरडी झाली की यायचीच नाही. आम्ही हजेरीपटावर गैरहजेरी लावत होतो आणि 'ही पोरगी फार दांड्या मारते' म्हणत होतो. मीही म्हणालो होतो. खरं तर दांडीच तिला मारत होती, हो!

ती एकटी नव्हती. टेप फिरवला तर निम्म्याहून अधिक मुलांची सायकल मापाची नव्हती. कारण आपल्या सगळ्यांना माहीत आहे. वाढत्या अंगाचा शर्ट घेतो तशी आपण वाढत्या अंगाची सायकल घेतो. शर्ट सैल झाला तर बाही दुमडता येते. फ्रेम दुमडता येत नाही.

त्या मुलीचं पुढे काय झालं? फिक्सीवाल्या पोरानेच भंगारातून बिनदांडीची लहान लेडीज फ्रेम शोधली. छर्रे, ग्रीस, ब्रेकचे रबर नवे घातले, मागे २२ची चकती, आणि हो, फ्रीव्हील. चाकाचा आउट काढायला मात्र सायकल दुकानातल्या काकांची मदत घेतली. मुलगी आता पावसातही येते. रोज येते असं म्हणणार नाही, ज्वारीच्या काढणीत घरी थांबावंच लागतं. पण सायकलमुळे चुकत नाही. आणि पोरगा? त्याला अजून फिक्सीच करायची आहे. करू दे. या वेळी तो खरा हब आणि दोन्ही ब्रेक घेऊन करणार आहे. हिशोब वहीत मांडलाय.

माझं मत आणि एक विनंती

काही पालक म्हणतात, "हे सायकलवाल्याचं काम, शाळेत पोरांचे हात काळे कशाला?" त्यांना मी एवढंच विचारतो, चौदा वर्षांच्या पोराच्या हातात मोटरसायकल देताना आपण इतका विचार करतो का? सायकल खोलून बघितलेलं मूल ब्रेकची किंमत जाणतं. नुसती बंदी घातलेलं मूल शाळेबाहेर जाऊन ब्रेक काढतं.

जपानमध्ये १९४८पासून केरिन नावाच्या ट्रॅकच्या शर्यती होतात. तिथल्या शर्यतपटूंच्या पोलादी फ्रेम कारागीर त्यांच्या अंगाच्या मापाने बांधून देतात. आपल्याला तेवढं जमणार नाही. पण टेप लावणं तर जमेल?

शिक्षकांनो, वर्षातून दोन तास काढा. एक जुनी सायकल, एक टेप, एक ओळंबा, खडू. गुणोत्तर, परीघ, कोन, घर्षण सगळं त्यात आहे. सहल पुण्याला नेलीत तर विक्रम पेंडसे यांचं जुन्या सायकलींचं संग्रहालय जरूर दाखवा. पोरं तिथे फ्रेम बघतील, नुसते फोटो काढणार नाहीत.

पालकहो, सायकल घ्यायला जाताना मुलाला दुकानात घेऊन जा. आज त्याचे पाय टेकतील अशीच घ्या. दोन वर्षांनी लहान पडली तर धाकट्याला होईल, शेजारच्याला होईल.

आणि एखादं मूल वारंवार दांडी मारत असेल, तर रागवायच्या आधी एकदा त्याची सायकल बघा.