न धुतलेली बोटं

अमेरिकी राष्ट्राध्यक्षांच्या हत्येचा विषय निघाला की आपल्याकडे लिंकन आणि केनेडी एवढीच नावं निघतात. जेम्स गारफिल्ड कुणाच्या खिजगणतीतही नसतात. सरकारी पद मिळालं नाही म्हणून डोक्यात राख घालून घेतलेल्या चार्ल्स गिटोने २ जुलै १८८१ रोजी वॉशिंग्टनच्या रेल्वे स्थानकावर त्यांच्यावर दोन गोळ्या झाडल्या. एक दंडाला चाटून गेली, दुसरी पाठीत शिरली. पण मज्जारज्जू वाचला. माणूस जगायला हवा होता! मात्र डॉक्टरांनी स्थानकावरच न धुतलेली बोटं जखमेत घालून गोळी चाचपायला सुरुवात केली आणि पुढेही तेच चालू ठेवलं. ब्रिटिश शल्यविशारद लिस्टर यांची जंतुनाशक पद्धत तोवर युरोपात रुजू लागली होती, हे विशेष संतापजनक. टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहम बेल धातू हुडकणारं यंत्र घेऊन व्हाइट हाउसमध्ये आले. पलंगाच्या स्प्रिंगांनी यंत्राचा गोंधळ उडवला. त्यात मुख्य डॉक्टर ब्लिस यांनी फक्त उजवी बाजू तपासू दिली, कारण गोळी तिथेच आहे असं ते ठामपणे सांगून बसले होते. ती निघाली डावीकडे, स्वादुपिंडामागे, तीही शवविच्छेदनात. ७९ दिवस यातना भोगून गारफिल्ड १९ सप्टेंबरला गेले. डॉक्टरांनीच त्यांना मारलं, असा गिटोचा न्यायालयात बचाव होता. तो फेटाळला गेला आणि १८८२ मध्ये त्याला फाशी झाली, हे योग्यच. पण त्याच्या म्हणण्यात तथ्य होतं, हे नाकारता येत नाही.