मुठींतील पृथ्वी

पृथ्वीचा गोल म्हटला कीं वर्गांतील टेबलावरचा मोठा गोल आपल्या डोळ्यांपुढें येतो. परंतु सतराव्या शतकाच्या उत्तरार्धांत जोसेफ मॉक्सन यानें लंडन शहरांत मुठींत मावणारा, तीन इंच व्यासाचा गोल विकावयास काढला. आणि पुढील शतकांत नॅथॅनिएल हिल वगैरे कारागिरांनीं ही कला वाढविली. गोलाच्या डबीवर माशाचें कातडें मढविलेलें असे व आंतल्या बाजूस आकाशांतील तारे दाखविलेले असत.

असे गोल पाहून ‘काय सुंदर खेळणें!’ असें कोणीही म्हणेल. माझ्या मतें मात्र तें विद्या व हस्तकौशल्य यांच्या मिलाफाचें फळ होय. तांब्याच्या पत्र्यावर उलटा नकाशा कोरावयाचा, तो कागदावर छापावयाचा, दोन्ही टोकांस निमुळत्या पट्ट्या कापून गोलावर डकवावयाच्या आणि हातानें रंग भरावयाचे. एवढ्याशा गोलावर एका इंचांत सुमारें २,६४० मैल मावतात. कारागिराचा हात इंचाच्या शंभराव्या हिश्श्याइतका चुकला, तर एखादें बंदर सव्वीस मैल सरकावयाचें!

अमेरिकेंतील जेम्स विल्सन हा व्हर्माँट राज्यांतील शेतकरी व लोहार. गोल पाहून आपणही तसा करावा असें त्याच्या मनानें घेतलें. त्यानें ज्ञानकोश विकत घेऊन भूगोलाचा अभ्यास केला, एमॉस डूलिटल याजकडून ताम्रपटावर कोरण्याची कला शिकून घेतली, आणि १८१० सालीं आपले गोल विक्रीस आणले. पुढें त्याच्या कारखान्यांत तीन इंचांचे गोलही होऊं लागले. यास विद्वान् म्हणावें कीं कारागीर? मला तर हा भेदच खोटा वाटतो.

आपल्याकडे मात्र मूल कात्री, खळ व पुठ्ठा घेऊन बसलें कीं, ‘पोरखेळ पुरे, पुस्तक उघड,’ असें कित्येक घरीं सांगितलें जातें. या कामास परीक्षेंत गुण मिळत नाहींत, हें खरें. तरी पालकांस विनंती आहे कीं, सुटीचा एक दिवस मुलांस द्यावा. चेंडूवर कागदाच्या बारा पट्ट्या डकवून पाहूं द्याव्या. प्रथम त्या जुळणार नाहींत. कोठें फट राहील, कोठें सुरकुत्या पडतील. पण वाटोळी पृथ्वी सपाट कागदावर जशीच्या तशी कां मावत नाहीं, हें दहादां पाठ करूनही जें उमगत नाहीं, तें त्या एका सुरकुतीनें उमगेल.